बटाट्याची माणसं

उकडलेला बटाटा आणि चिरोडीची पूड,
निम्मं निम्मं नाही, बटाटा थोडा जास्त,
म्हणजे माणसं भेगाळत नाहीत.
पहिल्या वर्षी एलेउतेरियोकाकानं मला एवढंच शिकवलं.
आणि हे, की नाक शेवटी करायचं.
आधी केलं तर माणूस आपल्याकडे बघायला लागतो,
मग त्याचे हात आपण घाईत उरकतो.

लाकडी पेटी. दोन दारं, आत दोन मजले.
वरती संत: गुरांचा एक, पावसाचा एक,
एक हरवलेल्या वस्तू शोधून देणारा.
खालती आयाकुचोचा बाजार:
टोपीवाला, हार्प वाजवणारा आंधळा,
लामांच्या पाठीवर मिठाच्या लाद्या,
आणि दर पेटीत एक बाई, कंबरेवर हात, भांडणारी.
ती काकी आहे असं सगळे म्हणत.
काका हो म्हणायचा नाही. नाहीही म्हणायचा नाही.

मग ती वर्षं आली.
रात्री दारावर थाप पडायची,
कुणाची ते सकाळी कळायचं,
कोण उरलंय त्यावरून.
डोंगरातले यायचे, जेवायला मागायचे.
छावणीतले यायचे, जेवायला का दिलंत विचारायचे.
मीठ वर येईनासं झालं. बटाटे मोजून होते
आणि त्यातले दोन काका रोज कुस्करायचा.
काकी म्हणाली, तुझ्या माणसांना भूक नाही, आम्हाला आहे.
काकानं एक परत टोपलीत ठेवला.
तेव्हापासून माणसं लहान झाली,
करंगळीच्या पेराएवढी.
अजूनही कुठली जुनी पेटी दाखवा,
उंची बघून मी साल सांगते.

सेनोबिया आली ती दोन दिवस चालून.
शालीच्या गाठीत मार्सियानोची टोपी. टोपीच फक्त.
‘बाजारात घाल त्याला,’ म्हणाली, ‘मिठापाशी.
घासाघीस करत असतो, कुणाचं ऐकत नाही.’
काकानं चेहरा विचारला.
ती पुष्कळ बोलली: कान, भुवईवरचा व्रण,
हसताना एका बाजूला पळणारा ओठ.
मग एकदम गप्प झाली.
‘नाक आठवत नाही.’

काकानं तो तसाच केला. बिननाकाचा.
मग बायका येतच राहिल्या.
कुणी कंगवा आणला, कुणी चपलेचा एक पाय,
एकीनं नुसती हाक आणली, तो कशी मारायचा ती.
बाजार भरत गेला. लामांना जागा उरली नाही.

लेफ्टनंट झडतीला आला, त्यानं दारं उघडली.
‘हे कोण?’
‘गिऱ्हाईक, साहेब.’
‘नाकं कुठायत?’
‘ओले आहेत अजून.’
तो बराच वेळ वाकून बघत होता.
मग आईसाठी म्हणून एक नुसत्या संतांची पेटी घेतली
आणि पैसे पूर्ण दिले.
हे सांगायला नको वाटतं, पण दिले.

ती बाजाराची पेटी आता लिमात, काचेमागे.
खाली पाटी: लोककला, मिश्र माध्यम.
शाळेतल्या एका पोरानं विचारलं,
यांची नाकं उंदरांनी खाल्ली का?
उंदीर खातात, ते खरंच आहे.
एकदा पावसाच्या संताचे दोन्ही पाय खाल्ले होते.
मी म्हटलं, नाही रे, हे उंदीर नव्हते.
पुढे काय सांगावं सुचेना. त्याची बाई त्याला ओढून घेऊन गेली.

छावणीमागचं मैदान खणलं तेव्हा
काका जाऊन अकरा वर्षं झाली होती.
सेनोबियाला पेटी मिळाली, पांढरी, छोटी,
आमच्या पेट्यांएवढीच, फक्त दारं नसलेली.
ती माझ्याकडे आली. डोळ्यांनी जवळजवळ अधू.
‘आत बघितलं,’ म्हणाली. ‘तिथंही नाक नव्हतं.’
मग माझा हात धरून स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवला.
‘हे कर. माझाच होता ना.’

काचेमागच्याला आता हात लावता येत नाही.
मी नवा करायला घेतला.
एक बटाटा उकडला.
अर्धा तिनं खाल्ला, मीठ लावून, सावकाश.
उरलेला पुरला.