टाकी ते टाकी

वहीचं पहिलं पान. चौदा मे. एकसष्ट हजार दोनशे आठ.
कावळा नाका, तौफिकचा पंप, नळी आपोआप थांबली
की थांबायचं. वर थेंब नाही.
तौफिकला शपथ घातलीय,
माझ्या टाकीत 'राउंड फिगर' करायची नाही.

कंपनीचा कागद म्हणतो, सोळा पूर्णांक सात.
डॅशबोर्ड म्हणतो, अकरा पूर्णांक आठ.
वही म्हणते, नऊ पूर्णांक नऊ.
उद्यमनगरात एकतीस वर्षं बोअर मारतोय मी,
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला
की आमच्यात जॉब भंगारात जातो.
इथं तिघंही छातीवर हात ठेवून सांगतात.

दोनशे तीस घोडे, राखाडी रंग,
पुण्याच्या एका सर्जनकडून सेकंडहॅंड.
गल्लीतला यशवंत गवळी भोवतीनं एक फेरी मारून म्हणाला,
"म्हस किती खाती ते इचारू नगं गा,
धार काढताना हात भरतोय का बघ."
हात भरतो, यशवंता.
किणी टोलच्या पुढं तिसऱ्या गिअरला
पाठ सीटला चिकटते आणि पोटात
जत्रेतला पाळणा खाली येतो.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

निपाणीत पेट्रोल स्वस्त, म्हणून एकदा
विजयमालाला घेऊन कागल, कोगनोळी करत गेलो.
वाचले एकशे पस्तीस.
जाळले आठशे वीस. टोल वेगळा.
ती म्हणाली, वहीत 'हवापालट' म्हणून लिहा की.
लिहिलं.

गळीत सुरू झालं आणि आकडा साडेसातवर आला.
बालिंग्यापासून कळ्यापर्यंत पुढं ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या ऊस, डेकवर गाणं, मागं दिवा नाही.
पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर,
दोनशे तीस घोडे पाचटाचा वास घेत
वरातीच्या चालीनं.
मग समोर एक फट दिसते, आणि पाय

इथं पायाचं सांगायला हवं.
अठ्ठ्याण्णव साली चक निसटून उजव्या पायावर आलं.
तीन बोटं गेली.
जाणकार सांगतात, पाय हलका ठेवा, ॲव्हरेज वाढेल.
माझ्या बुटात हलकं आणि जड
दोन्ही सारखंच लागतं.
म्हणून मी कानानं गाडी चालवतो,
टूल बोथट झालं की लेथचा सूर बदलतो, तसा
टर्बो शीळ घालायच्या बेतात आला की कळतं.
कळतं, पण सोडवत नाही.
त्या कागदावर सही करणाऱ्यानं
हा पाय कुठल्या रोलरवर तपासला असेल?

फक्त एकदा, फेब्रुवारीत, वहीत
चौदा पूर्णांक दोन.
पुतण्याला हुबळीत सोडून येताना रात्र झाली होती.
तवंदी घाटात दाबलं तरी गाडी उचलेना,
शीळ नाही, काही नाही. साठच्या वर काटा जाईना.
ट्रक हॉर्न मारून पुढं गेले.
मी डावीकडून, काच खाली करून,
उगाच शांत माणसासारखा घरी आलो.
टाकी भरली, भागाकार केला, परत केला,
तौफिकला पेढा दिला.

दिनकर सुतारनं बॉनेट उघडलं आणि हसत सुटला.
"पाईप फाटलाय, मामा. टर्बो बंदच हुता.
आजारी हुती म्हणून कमी खाल्लं."

रात्री विजयमालाला सांगितलं.
भाकरी थापता थापता ती म्हणाली,
"अठ्ठ्याण्णवला सहा महिने तुम्हीबी
एकाच भाकरीवर उठायचा की."
आणि तवा उतरवेपर्यंत पुढं काही बोलली नाही.

पाईप बदलला. चार हजार सहाशे, मजुरी सोडून.
पुढची नोंद: नऊ पूर्णांक सहा.
नळी काढता काढता तौफिक म्हणाला,
"काय पडतंय, चाचा, आता?"
म्हटलं, बरी झाली.