घासाघीस

आभाळ कोसळलं, असं या गावात
कुणी उगाच बोलत नाही.
इथे ते खरंच कोसळलं होतं, फेब्रुवारीत, भर सकाळी,
बायका गाईंना पाणी दाखवत होत्या तेव्हा.

मी खाबारोव्स्कहून येतो, गोठलेली नदी ओलांडून.
जीपमध्ये दोन तराजू, एक पोत्यांचा, एक तोळ्यामाशाचा,
आणि खिशात दोऱ्याला बांधलेलं चुंबक.
पोरं ओरडतात, ग्लेब आला, तारेवाला आला!
तारे मी ग्रॅमवर घेतो.
गंजाची घट आधी धरून.

तायसिया कोर्नेयेव्नाचा तुकडा कोबीच्या पिंपात होता.
चाळीस हिवाळे लाकडी झाकणावर बसून
कोबीला पाणी सुटेपर्यंत दाबून धरायचं,
एवढंच त्याचं काम.
तिने बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला,
आणि न्हाऊ घातलेलं पोर पुसावं
तसा तो फडक्याने पुसून टेबलावर ठेवला.
खोलीभर आंबूस वास.

चुंबक दोरा ताणून झेपावलं.
ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे,
पण मिठाने त्यांच्या कडा खाल्लेल्या,
पापुद्रे सुटलेले, बोटाला तपकिरी पाणी.
मी कोपऱ्यावर कानस फिरवली.
आत लोखंड रुपेरी, ताजं,
जणू आत्ताच कुणी जागं केलंय.
तिथे तेजाबाचा थेंब टाकला की पट्टे उमटतील,
बोटभर रुंद, एकमेकांना छेदणारे.
कुठल्याशा फुटलेल्या ग्रहाच्या पोटात
एकेक अंश निवायला यानं जी वर्षं घेतली
ती मोजायला माझ्याकडे तराजू नाही.
मी तिला सांगितलं, मिठानं घात केला, ताई.
निम्मा भाव.

आणि ही खाच? तिने विचारलं.
एका अंगाला तिरकी, सरळ, माणसाच्या हातची खाच.
म्हटलं, हिचे अजून कमी होतील.

तेव्हा ती उठली.
बिस्किटांच्या डब्यातून एक चिठ्ठी काढली, लाकूड गिरणीची,
घडीवर फाटलेली.
करवतीचं पातं, एक. तुटलेले दाते, अकरा.
कामगार कोर्नेय. पगारातून कपात, तीन महिने.
कारण: देवदाराच्या ओंडक्यात लोखंड.
त्या ओळीवर जांभळ्या शाईची काट,
आणि वर लेखापालाचं रेखीव अक्षर:
निष्काळजीपणा.

मी चिठ्ठी दिव्याखाली धरली.
खाचेत नख घातलं, ते अलगद बसलं.
खरं सांगतो, आधी हिशेबच सुचला.
हा कागद सोबत असेल तर भाव तिप्पट,
संग्राहक गोष्टीसाठी वेडे असतात.
म्हटलं, हाही द्या.
ती म्हणाली, लोखंड ने. कागद राहू दे.

मग आमची घासाघीस झाली,
पण रुबलवर नाही.
मी सांगितला तो भाव तिने मान्य केला, मोजूनही घेतला नाही.
तिला पावती हवी होती,
माझ्या दुकानाच्या गोल शिक्क्याची,
आणि पावतीत एक ओळ.
मी वजन लिहिलं, गंज लिहिला,
खाच लिहिली, तिची लांबी लिहिली.
ती खांद्यावरून वाचत होती, ओठ हलवत.
कारण लिही, म्हणाली.
मी लिहिलं: देवदाराच्या ओंडक्यात लोखंड.
शिक्का मारला. शाई सुकेपर्यंत
तिने पावतीवर फुंकर घातली.

निघताना पाहिलं, तिने कोबीवर
ट्रॅक्टरचं जुनं दातेरी चाक ठेवलं होतं.
झाकण जरा तिरकं बसलं. ती म्हणाली, बसेल.

वसंतात एक गिऱ्हाईक आलं. चकत्या हव्या होत्या,
पातळ, पट्टे दिसतील अशा, काचेत ठेवायला.
पैसे चांगले होते.
माझ्याकडे नवी करवत आहे, पात्याला हिऱ्याची धार.
पात्याची किंमत मला पाठ आहे.
म्हटलं, पुढच्या आठवड्यात या.

ते आले होते.
तुकडा अजून कपाटात आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला.
पावसाळी हवेत कपाट उघडलं
की कोबीचा वास येतो.