उणे चारशे

रात्री अकराला जिम बंद होतं.
वजनं जागेवर लावायची, बाकांवरचा घाम पुसायचा,
मग दिवे घालवून मी कोपऱ्यातल्या रोइंग मशीनवर बसतो.
साखळी ओढली की पंखा घुमतो,
वारा येतो. त्याला मासळीचा वास नसतो.

रोज पाच हजार मीटर. वहीत लिहितो.
मुहर्रक ते हर्णै, होर्मुझचा वळसा धरून,
अडीच हजार किलोमीटर आणि वर थोडं.
वहीच्या हिशेबानं मी आत्ता
होर्मुझच्या तोंडाशी, सहाशे बाराव्या किलोमीटरवर.
(आई पायरीवरून पडली
त्या आठवड्यात बोट जागची हलली नाही.)

शुक्रवारी पहाटे क्लबच्या चौघांतला एक आला नाही.
कोच डर्व्हला म्हणाली, रात्री तू मशीन ओढतोस,
कॅमेऱ्यात दिसतोस मला.
वाटलं, गेली नोकरी.
म्हणाली, चल.

नाव एवढी अरुंद की तांडेलाच्या घरातला मी,
बसताना देवाचं नाव घेतलं.
मशीन कधी कलत नाही.
पुढच्या इजिप्शियन पोराच्या मानेवर नजर ठेवली,
तो झुकला की झुकायचं.
आठ हात जमले.
नवव्याला पातं तिरकं शिरलं, पाण्यानं धरून ठेवलं,
मूठ बरगडीत बसली, चौघांची लय मोडली.

"खेकडा धरलास!" डर्व्हला लाँचमधून ओरडली.
या खेळात असंच म्हणतात म्हणे.
मी हसलो. या देशात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं.
बाई, आमच्यात चिंबोऱ्या धरायला
अंधाऱ्या रात्री खाजणात उतरतात,
आणि दुसऱ्या दिवशी भात जास्त लागतो.

पुन्हा सुरू.
पाठ मनामाकडं, तोंड उगवतीकडं.
बाबा उभ्यानं वल्हवायचे, पुढं बघत,
खडक नजरेनं बाजूला सारत.
इथं जायचं तिकडं पाठ.
डोळ्यांवर ऊन, मुहर्रकच्या गच्च्या लहान होत गेलेल्या,
त्यांच्यावरून एक विमान उठलं.
मुंबईचं असेल. या वेळेला असतं.

रात्री वही उघडली.
चारशे मीटर, खऱ्या पाण्यावरचे.
फोड आलेल्या बोटांनी आकडा लिहिला,
अधिकचं चिन्ह जरा ठळकच काढलं,
आणि मग आठवलं,
आपण पश्चिमेला गेलो होतो.

खोडलं.
उणे चारशे.

त्या रात्री मशीनवर बसलो नाही.
तळहात मिठानं चुरचुरत होते,
ते धुतलेही नाहीत.