वाळूतली वाइन

फोर्ताना चढत नाही, नीवेस म्हणते,
ती नुसती शेजारी येऊन बसते.
समुद्रालगतच्या वाळूत वाढलेली वेल,
म्हणून घोटाच्या शेवटी जिभेवर मीठ राहतं.
आंबटसर, फेसाळ, जरा हट्टी.
दूरच्या शहरात नेली तर बिघडते म्हणे.
आपणही तसेच, लेआर्को म्हणतो
आणि पेला पुढे सरकवतो.

फेर्रारा. कमानींची गल्ली.
फेब्रुवारीचं धुकं इतकं दाट
की सायकली आधी ऐकू येतात, मग दिसतात.
मी आत पेले विसळतो.
बाहेर विद्यापीठाची पोरं भिंतीला टेकून
परीक्षा, भाडं, कुणाचं कुणाशी तुटलं,
सगळं एकाच आवाजात बोलतात. मोठ्या.

अकराच्या ठोक्याला
दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडते
आणि आर्जीयाबाई बादली रिकामी करतात.
नऊ वर्षं. एक दिवस खाडा नाही.
जुनी पोरं घड्याळ न बघता बाजूला सरतात,
नव्यांना मुद्दाम सांगत नाहीत.

काल अकरा वाजले.
ठोके धुक्यातून चाचपडत आले,
आणि काहीच पडलं नाही.

सव्वाअकरा.
कुणीतरी हसणं अर्ध्यात सोडलं.
साखर कारखान्याच्या भट्टीपुढे उमेद घालवलेल्या लेआर्कोनं
टोपी काढून हातात घेतली.
घाल ती डोक्यावर, नीवेस खेकसली.

खिडकीखाली एक टोपली लोंबते,
दिवसा पाव आणि औषधं वर चढवायला.
नीवेसनं तिच्यात पेला ठेवला,
काठोकाठ नाही, बोटभर कमी,
आणि दोरीला दोन हिसके दिले.

अख्खी गल्ली श्वास धरून.
एवढी शांतता तर बाईंना
नऊ वर्षांच्या बादल्यांनीही मिळाली नव्हती.

मग टोपली हलली.
थांबत, भिंतीला घासत,
धुक्यात शिरली.

अकरा बेचाळीसला पाणी आलं.
बर्फगार, नेम धरून, सगळ्यांवर,
कारण कुणीच बाजूला सरलं नव्हतं.
काय ओरडलो आम्ही!
एका मुलीनं ओल्या केसांनीच लेआर्कोचा मुका घेतला,
समोरच्या घरातले दिवे लागले,
शिव्या आल्या, त्याही गोड वाटल्या.

आज सकाळी टोपली खाली आली.
आत पेला, न विसळलेला,
तळाशी जांभळं कडं,
आणि औषधाच्या कागदामागे चार शब्द:
फेस उतरला होता. शिळी.

नीवेस दिवसभर
कुणाशी धड बोलली नाही.
संध्याकाळी मात्र
नवी बाटली फोडून
पहिला पेला तिनं बाजूला काढून ठेवला,
वर बशी झाकून.