हिरवी दारं दोन

औषधाच्या दुकानातल्या लामझिराने
पावतीच्या पाठीवर पत्ता लिहिला:
सतरा नंबरच्या शाळेमागे, हिरवं दार, मंगळवारी सात.
वर पाहिलं नाही तिने. सुटे पैसे मोजून दिले,
खोकल्याच्या बाटलीनंतर देतात तसे.

कुताइसीत मला कोण ओळखत नाही?
वीस वर्षं मी तमादा,
लग्नात, बारशात, माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी
टेबलाच्या टोकाशी उभा राहून
मीच सांगायचो, आता कोणासाठी प्यायचं.
आधी देवासाठी, मग या मातीसाठी, मग गेलेल्यांसाठी,
आणि गेलेले काही संपत नाहीत.
आमच्या शिंगाला बूड नसतं.
भरलं की टेकवता येत नाही, रिकामंच करावं लागतं.
माझं काही नाही हो, मी म्हणायचो, शिंगच तसं घडवलंय.

शाळेमागे हिरवी दारं दोन निघाली.
मी डावं ढकललं.
आत नऊ पुरुष, अर्धगोलात, हातात कागद.
एकाने मला वरखाली न्याहाळलं. "खर्ज?"
आता नाही कसं म्हणणार?
तासभर मी खर्ज लावला, पोटातून,
तीन सुरांच्या खाली जोत्यासारखा.

घरी त्सियालाने विचारलं, "होती का माणसं?"
"होती," म्हटलं. "चांगली होती."
तिने जवळ येऊन माझा श्वास हुंगला
आणि न बोलता दुसरं ताट वाढलं.

पुढच्या मंगळवारीही डावंच दार.
या वेळी चुकून नव्हे.

तिसऱ्या मंगळवारी वालिकोला नातू झाला.
पेटीमागून पाच लिटरचा कॅन निघाला, घरची, पिवळी, गढूळ.
"मालखाझ, तू असताना दुसरं कोण बोलणार!"
मी बोललो.
काय बोललो! त्या दोन दिवसांच्या पोरासाठी
पणजोबापर्यंत सगळे उभे केले,
वालिको ढसाढसा रडला.
मी घरी पोचलो
गुरुवारी.

उजवं दार फुगलेलं आहे. खांदा लावावा लागतो.
आत पहिलीचा वर्ग, बुटक्या खुर्च्या,
गुडघे हनुवटीला लागलेली सहा माणसं.
फळ्यावर कुणाची तरी वजाबाकी, हातचा विसरलेली.
जेसीबीवाला नुगझार. एक सैन्यातलं पोरगं.
आणि दातांची डॉक्टर एतेरी,
जिने माझी दाढ काढली होती;
हात थरथरत होते तेव्हा,
मला वाटलं, मीच थरथरतोय.

एकेक जण बोलत होता. घाई नव्हती.
माझी पाळी आली तसा मी उठलो,
आणि पाहतो तर उजवा हात वर,
बोटं वाकलेली, मधे नुसती हवा.
कोणी हसलं नाही.
नुगझार म्हणाला, "बसून बोललास तरी चालतं इथे."

वीस वर्षांचे शब्द होते माझ्याकडे.
आईसाठी होते, शेजाऱ्यासाठी होते,
न पाहिलेल्या पाहुण्यासाठीसुद्धा.
घशाशी सगळे येऊन गेले, एकही कामाचा नाही.
"मी मालखाझ," म्हटलं. "मंगळवारी निघालो होतो,
घरी गुरुवारी पोचलो."
पुढे काही सुचेना.
"हं," एतेरी म्हणाली,
एखादा दात सापडावा तसं.

कोणीतरी चहा दिला, कपाचा कान तुटलेला.
अर्धा प्यालो. गरम होता फार.
खाली फरशीवर ठेवला
आणि बराच वेळ बघत राहिलो,
तो तसाच उभा होता. अर्धा.

भिंतीपलीकडे तालीम सुरू झाली,
खर्जाशिवाय,
वरचेवर तरंगत, पाय न टेकता.
माझे ओठ आपोआप हलायला लागले.
सैन्यातलं पोरगं बोलत होतं, अडखळत,
मी खुर्ची त्याच्या बाजूला थोडी ओढली.