सत्तेचाळीस नंबर

मशीन म्हणतं, जागा संपली.
नवी खूण ठेवायची तर जुनी एक पुसा.

पहाटेचे तीन. मागे जाळं, लाँच दम खात चाललीय.
केबिनमध्ये तेवढाच एक हिरवट उजेड,
त्यात माझे हात, विझलेली विडी,
आणि बाबांनी अकरा वर्षांत ठेवलेल्या दोनशे खुणा.

नावं नाहीत. अक्षरं टाकायचा त्यांना कंटाळा,
किंवा भीती, दुसऱ्या कुणी वाचली तर?
नुसते आकडे.
नऊ म्हणजे बुडालेला बार्ज, जाळी फाडणारा.
तेवीसला नारळी पुनवेनंतर सुरमई.
एकतीसला कोळंबी, पण भांगाच्या दिवसांतच.
मोतीबिंदू चढत गेला तसं एकेक सांगितलं मला,
हातचं राखून,
भाऊबंदांत जमीन वाटतात तसं.

सत्तेचाळीसचं विचारलं
की जाळ्याची सुई दातात धरायचे.
"तुका कित्याक होया?"

मी गेलो होतो तिथे. एकदा नाही, तीनदा.
खडक नाही, कपार नाही,
वीस वाव खाली सपाट गाळ.
जाळ्यात आली जेलीफिश, एक फुटकी बरणी
आणि कुणाची तरी डावी चप्पल.
दिलबहादूर म्हणाला, तांडेल, सोनं पुरलंय काय इथे?
तो नेपाळचा. त्याला वाटतं, समुद्रात आमचं
काहीतरी ठेवलेलंच असणार.

मशीन खोटं बोलत नाही असं नाही.
आनंदवाडीच्या जेटीला दोर बांधला
की काचेवर आम्ही पार वर,
दांडेकरांच्या कलमांत उभे असतो.
कुणी, कुठल्या सालच्या मापांवर किनारा आखला कोण जाणे.
बाबा दर खेपेला तेच म्हणायचे,
"उतरा रे, आंबे काढूक इलव."
आणि खलाशी दर खेपेला हसायचे.

गेल्या मंगळवारी परतताना
सत्तेचाळीसवरूनच घरी फोन लावला. कारण काही नव्हतं.
बाबांनी उचलला.
"खंयसर आसस?"
मी काचेवरचं वाचून दाखवलं:
सोळा अंश एकवीस,
त्र्याहत्तर अंश बारा.
पलीकडे गप्प.
मग फोन बाजूला धरून, आत, स्वयंपाकघराकडे:
"अगो, सोलां भिजत घाल."

आणि मला, जरा ओशाळून,
"थंय पयली रेंज गावायची."

तिथून जेटीला पावणेदोन तास.
सोलं भिजायला, नारळ वाटायला,
बांगड्याचं तिखलं चुलीवरून उतरायला
तेवढाच वेळ लागतो. मी कधी मोजला नव्हता.
माझ्या डोळ्यांसमोर ते केबिनच्या टपावर,
एका हाताने डोलकाठी धरलेली,
दुसऱ्यात तो बटणांचा फोन
जमिनीकडे उंच करून,
शिडशिडीत माणूस, सुकाणू वहिनीच्या भावाकडे देऊन,
एका काडीची वाट बघत.
काडी आली की खाली उतरून आधी मशीनचं बटण दाबलं असेल.
मग फोन.

आता टॉवर वाढलेत.
रेंज पाच मैल आधीच येते.
दिलबहादूर पार बाहेरून लेकीशी बोलतो,
ती डोंगरातून त्याला पाणी दाखव म्हणते,
तो फोन फिरवतो, तिला नुसता काळोख दिसतो,
तरी ती बघत राहते.
सत्तेचाळीसचा आता उपयोग नाही.
तरी मी तिथे येईपर्यंत फोन लावत नाही.
आई घड्याळ बघत असेल, नसेलही.

मशीन अजून विचारतंय. कुठली पुसू?
मागे विंच कुरकुरली. जाळं वर घ्यायची वेळ झाली.

बारा पुसली.
तिथे सरंगा मिळायचा म्हणतात.
माझ्या हातात सुकाणू आलं
तोवर मिळत नव्हता.