शून्य-आठ, दोन-सहा

सांबऱ्याच्या फाटकाबाहेर, रुद्रव्वाच्या टपरीवर
धुकं उठायची वाट बघत आम्ही तिघं:
कॅप्टन हुक्केरी, कॅप्टन नोरोन्हा
आणि मी, उचगावची,
खांद्यावर दोनच पट्ट्या, म्हणून चहा मी आणायचा.

कंपनीचं पत्र आलंय.
उन्हाळ्यापासून नवे मार्ग. सुरत, जोधपूर,
जमलंच तर दिल्ली,
आणि आपल्या पंख्यावाल्या विमानाच्या जागी जेट.
नोरोन्हानं कन्नड पेपराच्या कोऱ्या कडेवर
आकडे मांडायला घेतले:
"पट्टी एवढी. पहिले तीनशे मीटर विसरा,
चाकं टेकेपर्यंत तेवढे जातातच.
ओली असेल तर पंधरा टक्के वाढवा."
"आणि मे महिन्यात, दुपारी दोनला?" हुक्केरी म्हणाले,
"आपण समुद्रकाठी नाही बसलोय.
अडीच हजार फुटांवर हवा ताकासारखी,
तिच्यावर जडपणे टेकता येत नाही."

पुन्हा आकडे. खाडाखोड.
"तर मग बारा माणसं खाली ठेवावी लागतील."

"कुठली बारा?"
किटली तिरकी धरून रुद्रव्वानं विचारलं.

कुणीच बोललं नाही.
टपरीमागं एक कोंबडा धुक्यालाच पहाट समजून ओरडत होता.

मग हुक्केरींनी जुनी गोष्ट काढली,
पट्टी वाढायच्या आधीची, आषाढातली.
एकदा खाली आलो, पट्टी दिसली ती उशिरा; वर गेलो.
दुसऱ्यांदा आलो, शेपटीमागनं वारा; वर गेलो.
तिसऱ्यांदा आलोच नाही, सरळ गोवा.
मागच्या रांगेत नवरदेव होता, मुहूर्त साडेदहाचा.
"सगळे उतरताना हात मिळवतात.
नवऱ्याच्या मामानं कॉलर धरली.
मी म्हटलं, धरा,
धरायला कॉलर आहे ना अजून!"
नोरोन्हा इतका हसला की चहा आकड्यांवर सांडला.

मी सांगितलं नाही
की आमचे पप्पा कोबी-मिरची भरून
रोज रात्री चोर्ल्यानं म्हापशाला जातात,
आणि मी दहा वर्षांची असताना
टेम्पोत मांडीवर बसवून म्हणाले होते,
"ब्रेक उतारावर लावायचा नसतो गं,
उताराच्या आधी लावायचा."
सिम्युलेटरवर परीक्षकानं विचारलं होतं,
वेग इतक्या आधी तोडायला कुठं शिकलीस?
मी म्हटलं, मॅन्युअलमध्ये आहे सर.
ते खोटं अजून खांद्यावर आहे,
पट्ट्यांच्या जरा खाली.

शहराकडून उतरलात तर ती शून्य-आठ.
बाळेकुंद्रीकडून उतरलात तर दोन-सहा.
डांबर तेच.
कुठलं नाव घ्यायचं ते वारा ठरवतो,
तेही त्या तासापुरतं.
शाळेत जाताना मी डांबर बघितलंय
पाट्यांवर फासलेलं,
खालचं गावाचं नाव कुठल्या लिपीत होतं
ते कळू नये इतकं जाड.
पप्पा म्हणायचे, पाटी वाचू नको, वळण बघ.

पावणेनऊला वाऱ्याची पिशवी दिसायला लागली.
हुक्केरी उठले, "नडी, होगूण."
पेपर तिथंच राहिला.
रुद्रव्वानं त्याचे चार तुकडे केले,
एकात भजी बांधून रिक्षावाल्याला दिली;
तेलात सुरत गेलं, जोधपूर गेलं,
ओल्या पट्टीचे पंधरा टक्के आरपार दिसू लागले.

वारा पश्चिमेचा, सहा नॉट. आज दोन-सहा.
कॉकपिटच्या बाजूच्या काचेतून
मी शिडीकडं येणारी माणसं मोजत बसले,
उगाच.
पाच, सहा, एक म्हातारा पायताणं हातात घेतलेला,
नऊ, दहा.
बारावी एक मुलगी होती,
कुंद्याचा डबा पोटाशी धरून,
पहिल्यांदाच चढत असावी,
पायरीला हात लावून तिनं तो कपाळाला लावला.

"बारा," मी म्हणाले.
"काय बारा?" हुक्केरींनी विचारलं.
"काही नाही सर. यादी वाचते."